ढसाळांची एकच ओळ का फिरते?

गिरणगाव: १५ जानेवारी जवळ आला की नामदेव ढसाळांची एक ओळ सगळीकडे दिसू लागते. माणसाने पहिल्यांदा स्वतःला पूर्ण उद्ध्वस्त करून घ्यावे, अशी. सोबत ग्लास, सिगरेटचा धूर. २०१४ मध्ये ते गेल्यापासून दरवर्षी हेच पाहतोय आणि दरवर्षी जीव तुटतो. 'गोलपिठा' या त्यांच्या कवितासंग्रहातली ही 'माणसाने' कविता चरस, गांजा, दारू, खून, लुटालूट सगळ्यातून जाते खरी, पण संपते कुठे? उरल्यासुरल्यांनी कुणाला गुलाम करू नये, आभाळाला आजोबा अन् जमिनीला आजी मानावं, एक तीळ सर्वांनी करंडून खावा. तिथवर कुणी वाचतच नाही.

पाणवठा: शेवट मलाही पाठ आहे. पण 'उद्ध्वस्त' हा शब्द आणखी एका पुस्तकाच्या नावात आहे. मलिका अमर शेख यांचं 'मला उद्ध्वस्त व्हायचंय', १९८४. शाहीर अमर शेखांची मुलगी, ढसाळांची बायको, स्वतः कवयित्री, आणि या लग्नात काय सोसलं ते तिने लिहिलंय. त्याची ओळ स्टेटसला लावणाऱ्या किती जणांनी तिचं पुस्तक उघडलंय?

रात्रपाळी: पाणवठाताई, ढसाळांचं जगणं म्हणजे हौसेची बेफिकिरी नव्हती. पुण्याजवळच्या पूर-कनेरसरहून आलेलं पोर, बाप खाटकाकडे कामाला, घर कामाठीपुऱ्याला लागून, पुढे स्वतः टॅक्सी चालवली. 'गोलपिठा'ला प्रस्तावना लिहिणाऱ्या विजय तेंडुलकरांनाही त्यातल्या शब्दांचे अर्थ ढसाळांनाच विचारावे लागले. पुस्तक आलं त्याच १९७२ साली राजा ढाले, ज. वि. पवार यांच्याबरोबर दलित पँथर ही संघटना उभी केली. त्या माणसाला बाटलीच्या मापाने मोजू नका.

पाणवठा: दादा, मी बाटली काढलीच नाही. त्याच वस्तीत हजारो बायाही राहत होत्या. त्यांच्या बाजूने इतक्या पोटतिडकीने लिहिणारा कवी घरच्या बाईला का पाहू शकला नाही, एवढंच विचारतेय. वस्ती कारण असेल, पण तिच्या वाट्याला आलेल्या दुःखाचं उत्तर वस्ती देत नाही. आणीबाणीला पाठिंबा, नंतर 'सामना'त लेखन, त्यावर भांडायला पुष्कळ लोक आहेत. घराबद्दल विचारलं की मात्र सगळे गप्प होतात.

रात्रपाळी: गप्प होतो, खरंय. पंचवीस वर्षं त्यांच्या कविता वाचतोय, पण तिचं पुस्तक अर्ध्यावर ठेवलं होतं. सहन झालं नाही.

गिरणगाव: आत्ता ती कविता पुन्हा काढली. शेवटाकडेच आहे: नाती न मानण्याचा, आयाबहिणींना न ओळखण्याचा गुन्हा करू नये. ही ओळ मी आजवर जातीच्या संदर्भातच वाचत आलो. पाणवठाताई, आज ती तशी वाचवत नाही. तरी कवी मोठाच, यावर मी ठाम आहे.

पाणवठा: मोठा नाही असं मी कुठे म्हटलं? येत्या जानेवारीत ती पहिली ओळ नको, ही टाका. आणि रात्रपाळी, ते पुस्तक पूर्ण करा. मग बोलू.