जानेवारीत कॅम्पर घेऊन स्पितीला जायचंय, पाण्याच्या लाइनी गोठू नयेत म्हणून काय करावं?

मांजराकाठ (लातूर):
राम राम मंडळी. ट्रॅव्हलर गाडीचं कॅम्पर (आत राहता-झोपता येईल अशी गाडी) करून घेतलंय, कोकण झालं, हंपी झालं, राजस्थान झालं, कुठंच काही अडचण आली नाही. आता जानेवारीच्या शेवटी शिमला, रामपूर, कल्पा, नाको करत स्पितीतल्या काझा गावापर्यंत जायचं ठरवायलोत (मनालीकडून कुंझुमची खिंड हिवाळ्यात बंदच असते म्हणून हा रस्ता). मी, बायको आणि पोरगा. काझाला रात्री उणे वीस-पंचवीस जातं म्हणतेत. आपल्याकडं परभणीचा पारा पाचवर आला की पेपरात बातमी येते, त्यामुळं उणे वीस म्हणजे नेमकं काय हे डोक्यातच येईना.

गाडीत ८० लिटरची टाकी चेसिसच्या खाली लटकवलेली आहे, तिथून पाईप आत येतो, सीटखाली १२ व्होल्टचा डायफ्राम पंप, पुढं सिंकचा नळ, मागं शॉवर आणि १० लिटरचा छोटा गिझर. पाईप जास्त करून सीपीव्हीसी (कडक प्लास्टिकचे). ज्यानं गाडी बनवली तो म्हणतो पाईपला काळा फोम गुंडाळून देतो, काही होत नाही. मेव्हणा म्हणतो हीटिंग टेप (विजेवर गरम होणारी पट्टी) लाव. सासरे म्हणायले टाकीत मूठभर मीठ टाका की, कशाला खर्च. कोणाचं ऐकू?

फुकट_सल्ला (धाराशिव):
२०१६ ला ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तिथला माणूस आज पाणी गोठल म्हणून काळजी करायलाय, लै भारी वाटलं वाचून 😄 मला यातलं काही कळत नाही, पण मीठ टाकू नका, चहा कसा प्याल.

वाळूजचा_फिटर (छत्रपती संभाजीनगर):
दादा, मिठाचं सोडून द्या, मूठभरानं काही फरक पडत नाही आणि उणे वीसला पुरेल एवढं टाकलं तर गिझर अन् पंपाची वाट लागेल.

फोमचं नीट समजून घ्या. फोम स्वतः गरमी तयार करत नाही, आत आहे ती हळू बाहेर जाऊ देतो, बस. रात्रभर पाईपात पाणी उभं असलं आणि बाहेर उणे वीस असलं तर फोम असून पण गोठणार, फक्त दहाऐवजी दोन वाजता गोठल. त्यात तुमची टाकी आणि तिचा पाईप गाडीच्या खाली उघडे, चालत्या गाडीला वारा लागतो तेव्हा तिथली गरमी आणखी पटकन जाते. म्हणजे मुक्कामाला पोचेपर्यंतच काम झालेलं असू शकतं.

आणि पाईप फुटतो कसा ते पण बघा. पाण्याचा बर्फ होताना तो साधारण ९ टक्के फुगतो. बऱ्याच जणांना वाटतं जिथं बर्फ झाला तिथंच पाईप तडकतो, तसं नेहमी होत नाही. मध्ये बर्फाचं बूच बसतं, ते नळाच्या दिशेनं वाढत जातं, नळ बंद असला की बूच आणि नळाच्या मधलं पाणी दाबलं जातं, प्रेशर इतकं चढतं की एखादा जॉइंट नाहीतर नळातलं काडतूस (पाणी बंद-चालू करणारा आतला भाग) जातं. म्हणून थंडीत मोकळी केलेली लाइन नळ उघडे ठेवूनच सोडायची. सीपीव्हीसी तर थंडीत कडक होऊन काचेसारखा चिरतो, परत कधी काम काढलं तर पेक्स (लवचिक प्लास्टिकचा पाईप) टाकून घ्या, तो थोडा फुगून घेतो. तो पण फुटत नाही असं नाही, पण दम जास्त धरतो.

हीटिंग टेपचा हिशोब करून बघा म्हणजे मेव्हण्याला सांगता येईल. मीटरला १५ वॅटची टेप, ६ मीटर लावली तर ९० वॅट, रात्रीचे १२ तास धरले की १०८० वॅट-अवर झाले. १२ व्होल्ट १०० अँपिअर-अवरची बॅटरी पूर्ण भरलेली असली तरी १२०० वॅट-अवरची. म्हणजे एका रात्रीत बॅटरी गार आणि टाकी, पंप, गिझर अजून बाकीच. होमस्टेच्या बोर्डावर लावली तर ठीक, पण रात्री लाईट गेली की तुम्ही झोपेत अन् पाईप गोठलेला. बॅटरी लिथियमची असल तर अजून एक, शून्याच्या खाली सेल गेले असताना चार्जिंग करू नका, सेल कायमचे खराब होतेत. बॅटरी आतच ठेवा, खाली चेसिसला नको.

ठिबकवाला (जालना):
वरच्या भाऊंनी कारण बरोबर सांगितलं, मी फक्त रिकामं करायचं सांगतो, कारण आमचं आयुष्य लॅटरल (ठिबकाच्या नळ्या) फ्लश करण्यात चाललंय. ठिबकात शेवटची एंड कॅप काढल्याशिवाय लाइन मोकळी होत नाही, गाडीत पण तेच. सगळ्यात खालची जागा शोधा आणि तिथं ड्रेन कॉक बसवून घ्या, आत्ताच, लातूरमध्ये, तिथं बर्फात गाडीखाली झोपून नाही.

टाकी मोकळी करा. गिझर बंद करून गार होऊ द्या, मग त्याचा ड्रेन प्लग काढा. गरम असताना काढला तर हात भाजतो. सगळे नळ उघडा, गरम-थंडचा मिक्सर नळ असल तर दांडी मधोमध ठेवा नाहीतर गरम नाहीतर थंड एक बाजू भरलेलीच राहते. शॉवरचा हँडपीस खाली सोडून द्या. मग पंप थोडा वेळ कोरडाच चालवा म्हणजे आतलं पाणी फेकून देतो. एवढं करून सुद्धा जिथं पाईपला पोट पडलंय तिथं पाणी बसून राहतं, म्हणून हवा मारायची. टायरवाल्याचा टाकीवाला कॉम्प्रेसर घ्या, प्रेशर ३० पीएसआयच्या आसपासच ठेवा, जास्त नको, आणि एकेक नळ उघडून नुसता फवारा संपेपर्यंत मारा. गाडीत ठेवायचा तो छोटा इन्फ्लेटर कामाचा नाही, त्याला प्रेशर असतं पण हवेचा लोंढा नसतो.

आणि एक जागा सगळे विसरतेत. पंपाच्या तोंडाला ती पारदर्शक वाटी असते ना, आत जाळी असलेली. ती हातानं फिरवून काढा, घोटभर पाणी निघतंच तिच्यातून. कोरडी पुसून पिशवीत ठेवा. फिल्टरचा बाऊल पण तसाच काढायचा.

मांजराकाठ (लातूर):
लै उपकार झाले. पण मग सगळं रिकामंच करायचं तर तिथं पाणी वापरायचं कसं? आणि सिंकच्या खालचा तो वाकडा पाईप, त्यात तर पाणी राहणारच की, त्यात गाडीचा हिरवा कूलंट ओतला तर चालतो का? रेडिएटर तर नाही गोठत.

नांदेडची_लेक (सध्या पुणे):
हिरवा कूलंट अजिबात नको दादा. तो बहुतेक इथिलीन ग्लायकॉल असतो, विषारी, आणि चवीला गोडसर, घरात लेकरू आहे. सिंकच्या ट्रॅपमध्ये टाकायचं तर प्रॉपिलीन ग्लायकॉल घ्या, फूड ग्रेड मिळतं, पाण्यात निम्मं-निम्मं केलं तर उणे तीसच्या आसपासपर्यंत धकतं. पिण्याच्या लाइनीत मी ते पण घालणार नाही, रिकामी लाइन बरी.

पाण्याचं सांगते. आमचे हे लेहला पोस्टिंगला होते, मी तिथं हिवाळा काढलाय. तिथं घरातले नळसुद्धा हिवाळ्यात बऱ्याच ठिकाणी बंद करून टाकतेत, लोक बादल्या-कॅनमध्ये पाणी भरून स्वयंपाकघरात ठेवतेत, कारण तेवढीच खोली गरम असते. तुम्ही पण कल्प्याच्या पुढं गाडीचं प्लंबिंग विसरून जा. २० लिटरचे दोन कॅन गाडीच्या आत, पलंगाखाली, काठोकाठ न भरता. पाणी चंबूनं घ्यायचं, भांडी कागदानं पुसून घ्यायची, आंघोळ होमस्टेवाल्याच्या गरम बादलीनं. थर्मासमध्ये रात्रीच पाणी उकळून भरा, सकाळचा चहा त्याच्यावर. पोराला काही वाटत नाही, त्याला तर मजाच.

टॉयलेटला फ्लशचं पाणी नको, कॅसेट (खालची मैल्याची टाकी) पण गोठते आणि गोठलेली कॅसेट रिकामी होत नाही. होमस्टेत स्थानिक कोरडा संडास असतो, तोच वापरा.

आता पाण्यापेक्षा महत्त्वाचं. थंडी वाजायली म्हणून गाडीत गॅसची शेगडी नाहीतर कोळशाची अंगीठी पेटवून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. डिझेल हीटर लावून घेतला असल तर त्याचा धूर बाहेरच जातोय ना हे तपासा आणि मोनॉक्साइडचा अलार्म घ्या, महाग नाही.

वाळूजचा_फिटर (छत्रपती संभाजीनगर):
ताईंचं शंभर टक्के. हीटरवरून आठवलं, डिझेल हीटर उंचावर हवा कमी मिळाल्यानं काळा धूर मारतो आणि आत कार्बन धरतो, घेताना अल्टिट्यूड सेटिंगवालाच (उंचीप्रमाणं जुळवता येणारा) घ्या. गॅसच्या भरवशावर पण राहू नका, आपल्या सिलिंडरमध्ये ब्यूटेन बराच असतो, तो शून्याच्या खाली गॅस व्हायचाच थांबतो, शेगडी फुरफुरते नुसती.

आणि गाडीच्या टाकीत लातूरचं डिझेल घेऊन काझाला चढू नका, थंडीत त्यात मेण धरतं आणि फिल्टर चोक होतो. म्हणूनच तर इंडियन ऑइलनं २०१९ ला लडाखसाठी उणे ३३ पर्यंत वाहणारं हिवाळी डिझेल काढलं. तुम्ही खालचं डिझेल संपवत जा, वर जाल तसं तिथल्याच पंपावर भरा आणि तिथल्या ड्रायव्हरांना विचारा ते काय मिसळतेत.

मांजराकाठ (लातूर):
ठरलं मग, रामपूरला टाकी, गिझर सगळं रिकामं करून हवा मारून घेतो. आणि समजा कुठं राहिलंच पाणी अन् गोठलं तर? गॅसच्या ज्वालेच्या टॉर्चनं पाईप शेकला तर चालतो का?

ठिबकवाला (जालना):
ज्वाला नाही, सीपीव्हीसी वितळल आणि वर गाडीचं इंटिरियर पेट घेईल. आधी नळ उघडा, मग नळाकडून सुरुवात करून मागं मागं गरम पाण्याचं फडकं नाहीतर हेअर ड्रायर. मागून सुरू केलं तर वितळलेलं पाणी अडकून बसतं. पंप तोवर बंदच ठेवा आणि पाणी यायला लागलं की गाडीखाली वाकून बघा, चीर असली तर ती बर्फ वितळल्यावरच गळते. आणि रामपूर नको हो, तिथं सतलजच्या काठाला थंडी कमी असते, पाणी वापरायला मिळतंय तर वापरून घ्या. कल्पा चढायच्या आधी रेकाँग पिओत टायरवाला असल, त्याच्याकडं हवा मारा.