जीबीएसचं (गिलियन-बारे सिंड्रोम, प्रतिकारशक्तीच नसांवर उलटते तो आजार) निदान पक्कं असलं तरी एएफपी (अॅक्यूट फ्लॅसिड पॅरालिसिस, अचानक आलेला लुळेपणा) म्हणून कळवायचं का?

तालुका_बालरोग
समजा सहा वर्षांचा मुलगा आहे. दोन्ही पायांतून वर चढत गेलेला लुळेपणा, रिफ्लेक्स गेलेले, पाठीचं पाणी आणि नर्व्ह कंडक्शन दोन्ही जीबीएसच सांगतायत. आयव्हीआयजी (शिरेतून देतात ती अँटिबॉडीज) सुरू केलंय. पोलिओचे सगळे डोस झालेत. तरीही एएफपी म्हणून कळवायचं? आणि कळवलं तर शीचे नमुने किती, कशात, कधीपर्यंत? दाखल झाल्यापासून मुलाला शीच झालेली नाही. शिवाय देश 2014 मध्येच पोलिओमुक्त झाला ना?

देखरेख_वैद्यक
हो, आणि आजच कळवा. 15 वर्षांखालच्या मुलाला अचानक लुळेपणा आला की कारण काहीही असो, ती एएफपी. जीबीएस, ट्रान्सव्हर्स मायलायटिस (मज्जारज्जूची सूज), कमरेत इंजेक्शन दिल्यावर पडलेला पाय, दोन दिवसांत आपोआप बरा झालेला लुळेपणा, सगळं यात आलं. पोलिओ नाही हे प्रयोगशाळेने सांगायचं, आपण अंदाजाने नाही. डोस झाले असले तरी सूट नाही.

27 मार्च 2014 ला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं ते प्रत्येक लुळेपणा कळवणाऱ्या याच जाळ्याच्या जोरावर. शेवटचा वाइल्ड (लसीतला नव्हे, निसर्गातला) पोलिओ जानेवारी 2011 मध्ये हावड्यात सापडला, पण 2024 मध्ये मेघालयात लसीतून उद्भवलेल्या विषाणूचा रुग्ण निघालाच. पोलिओ नसतानाही 15 वर्षांखालच्या दर लाख मुलांमागे वर्षाला दोन तरी एएफपी सापडायला हव्यात, असा आपल्याकडचा हिशेब आहे. एखाद्या तालुक्याचा अहवाल वर्षभर निरंक येत असेल, तर तिथे लुळेपणा नाही असं मी तरी समजत नाही, कोणी शोधत नाही असं समजतो. म्हणून तुमची जीबीएसची केसही हवी.

कळवायचं कोणाला? जिल्ह्याच्या लसीकरण अधिकाऱ्याला किंवा डब्ल्यूएचओच्या सर्व्हेलन्स मेडिकल ऑफिसरला. महापालिका हद्दीत पालिकेच्या आरोग्य विभागाला. कळवल्यापासून 48 तासांत तपासणी व्हायला हवी.

शीतसाखळी
नमुने दोन, दोघांत किमान 24 तासांचं अंतर, आणि दोन्ही लुळेपणा सुरू झाल्यापासून 14 दिवसांच्या आत. विषाणू शीतून सलग पडत नाही, मधेच खंड पडतो, म्हणून दोन. पहिल्या दोन आठवड्यांत तो सर्वांत जास्त पडतो, म्हणून 14 दिवस.

इथे सर्वांत जास्त घोळ तारखेचा होतो. केसपेपरवर ताप आल्याची किंवा दाखल झाल्याची तारीख असते. मोजायचं लुळेपणाच्या पहिल्या दिवसापासून. आईला "लुळा कधी पडला" विचारलं की उत्तर मोघम येतं. "शेवटचं स्वतः उठून उभा कधी राहिला, जिना कधी चढला" असं विचारा.

प्रत्येक नमुना साधारण 8 ग्रॅम, म्हणजे मोठ्या माणसाच्या अंगठ्याएवढा. स्वच्छ, कोरडी, आट्याच्या झाकणाची डबी. फॉर्मलिन किंवा दुसरं काहीही घालायचं नाही. डायपरमधून खरवडलेली शी वाळलेली निघते आणि कमी भरते. बेडपॅनवर पॉलिथिन पसरून तीवरून घ्या. एनिमा देऊ नका, नमुना पातळ होतो. रेक्टल स्वॉबही चालत नाही. बद्धकोष्ठ जीबीएसमध्ये असतंच, वाट बघा, पण डबी पलंगाशी तयार ठेवा. रात्री दोनला शी झाली आणि आयाने फेकून दिली, हे नेहमीचं.

डबी लगेच 2 ते 8 अंशांत. गोठवलेल्या आइसपॅकसह कॅरियरमध्ये, 72 तासांत प्रयोगशाळेत. तेवढ्यात पोचणार नसेल तर उणे 20 ला गोठवून गोठलेलीच पाठवायची. अर्धवट वितळून पुन्हा गोठवलेला नमुना बिनकामाचा. नमुन्याचा कॅरियर पुन्हा लसीसाठी वापरू नका.

तालुका_बालरोग
आणि 14 दिवस उलटून गेल्यावर आलेला मुलगा? शिवाय याच्या शीतून कॅम्पायलोबॅक्टरही (जीबीएसला निमित्त ठरू शकणारा जिवाणू) बघायचाय, पुण्यात 2025 च्या सुरुवातीला जीबीएसची साथ आली त्यानंतर सगळेच विचारतात.

सूक्ष्मजीव
कॅम्पायलोबॅक्टरची डबी वेगळी. एएफपीच्या डबीतून काढून देऊ नका, आठ ग्रॅमचे चार होतात.

उशीर झाला तरी 60 दिवसांपर्यंत नमुने घ्याच. फक्त ते "पुरेसे" धरले जात नाहीत. मग 60 दिवसांनी मुलाला पुन्हा तपासून कमजोरी उरली आहे का ते बघतात आणि तज्ज्ञ समिती निर्णय देते. त्या तारखेला कुटुंब ऊसतोडीला गेलेलं असू शकतं, तेव्हा दोन फोन नंबर आणि गावचा पत्ता आत्ताच लिहून घ्या.

प्रयोगशाळेत नमुना आरडी आणि एल20बी या दोन पेशींवर वाढवतात. एल20बीवर प्रामुख्याने पोलिओ वाढतो, आरडीवर इतर एन्टेरोव्हायरसही. निदान 10 टक्के नमुन्यांत असे इतर विषाणू सापडावेत अशी अपेक्षा असते. एखाद्या जिल्ह्यातून सतत काहीच उगवत नसेल, तर पहिला संशय वाटेत वितळलेल्या बर्फावर.

आयव्हीआयजी नमुन्यासाठी थांबवू नका. आणि डबीवर नाव, एपिड क्रमांक (केसला मिळालेला देखरेख क्रमांक), नमुना एक की दोन, आणि घेतल्याची तारीख पुसली न जाणाऱ्या मार्करने लिहा. बर्फाच्या पाण्यात जेलपेनची शाई उरत नाही.