हंगामी आणि कायम कामगारांच्या रजेचे नियम सॉफ्टवेअरमध्ये कसे बसवावेत?

प्रश्न : कार्यालय व्यवस्थापक, जिनिंग-प्रेसिंग, हिंगणघाट तालुका

सर्वांना नमस्कार. आमचा जिनिंग-प्रेसिंगचा, म्हणजे कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधण्याचा, कारखाना एका खेड्याच्या वेशीवर आहे आणि तालुक्याच्या गावी आमचेच बियाणे-खतांचे दुकान आहे. फिटर, वायरमन आणि वजनकाट्यावरचे दिवाणजी धरून कारखान्यात १४ माणसे बाराही महिने कामावर असतात. दिवाळीच्या सुमारास कापसाची आवक सुरू झाली की रेच्यांवर (सरकी काढणाऱ्या यंत्रांवर), प्रेसवर आणि कवडी (खराब कापूस) वेचायला मिळून आणखी ३८ जण येतात व एप्रिलअखेर त्यांतील बहुतेक जण घरी परततात. दुकानात ५ जण आहेत. आजवर रजेचा सगळा हिशेब मस्टरवर (हजेरीपुस्तकावर) चालत होता. यंदा मालकांनी फ्रॅपे एचआर हे कर्मचाऱ्यांच्या नोंदींचे सॉफ्टवेअर बसवून घेतले आणि त्यात रजेचे नियम भरण्याचे काम माझ्याकडे आले.

मी सर्वांना एकच धोरण लावले : एप्रिल ते मार्च असे वर्ष, १५ अर्जित रजा (कामाच्या दिवसांवर मिळणारी भरपगारी रजा) आणि ८ किरकोळ रजा. पोळ्याच्या आदल्या दिवसापासून तान्ह्या पोळ्यापर्यंत आमच्या फिटरने रजा टाकली. मधला पोळ्याचा दिवस कारखान्याच्या सुट्टीचा असूनही त्याच्या खात्यातून तीन रजा वजा झाल्या. दुसऱ्या महिन्यात तो पगारपत्रक घेऊन माझ्या टेबलाशी आला आणि त्या तीनच्या आकड्यावर त्याने बोट ठेवले. रोलर घासून आलेले ग्रीस त्या आकड्यावर उमटले. "साहेब, मस्टरवर असं कधी झालं नाही," एवढेच तो म्हणाला, आणि माझ्याकडे उत्तर नव्हते.

दुसरी अडचण हंगामी कामगारांची आहे. त्यांच्या नावावर दर महिन्याला सव्वा दिवस रजा आपोआप जमा होत आहे. ती त्यांच्या हक्काची आहे की नाही, हे मला ठामपणे सांगता येत नाही. धोरण पुन्हा पहिल्यापासून बसवायचे झाल्यास सुरुवात कुठून करावी, हे कृपया सांगावे.

उत्तर : आस्थापनेचे काम पाहणारा लेखापाल, यवतमाळ

भाऊ, सॉफ्टवेअर थोडा वेळ बाजूला ठेवा आणि आधी माणसांचे कारखान्यातले कायम, कारखान्यातले हंगामी आणि दुकानातले असे तीन गट करा, कारण कारखाना आणि दुकान यांचे कायदे वेगळे आहेत.

कारखान्यात पूर्वी १९४८ चा कारखाने अधिनियम लागू होता. कॅलेंडर वर्षात २४० दिवस काम भरले, तर पुढील वर्षी दर २० दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा, असा त्याचा नियम होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० लागू झाली आणि ही अट १८० दिवसांवर आली. वीस दिवसांमागे एक दिवस हे प्रमाण मात्र तेच राहिले. जिनिंगच्या माणसांसाठी हा बदल फार मोलाचा आहे, असे माझे मत आहे. नोव्हेंबर ते एप्रिल महिन्याला २६ दिवस धरले, तर हंगामी माणसाचे वर्षात १५६ दिवस भरतात आणि दोन्ही कायद्यांतील ही दिवसांची अट पूर्ण होत नाही; मात्र वर्षाच्या मध्ये कामावर लागलेल्यासाठी आणि काम सुटलेल्यासाठी कायद्यात वेगळ्या तरतुदी आहेत, त्या आधी तपासा. परंतु हंगाम संपल्यावर ज्यांना तुम्ही दोन महिने दुरुस्तीला थांबवता, त्यांचे २०८ दिवस होतात. पूर्वी हा माणूस २४० ला अडकत असे. आता त्याला १० दिवसांची रजा द्यावी लागेल. अर्ध्या दिवसाहून कमी अपूर्णांक सोडायचा आणि अर्धा किंवा जास्त असेल तर पूर्ण दिवस धरायचा.

येथेच तुमचे एप्रिल-मार्च वर्ष चुकते. कायदा जानेवारी ते डिसेंबर मोजतो. तुमचा हंगाम मात्र दोन वर्षांत विभागलेला असतो, म्हणून जानेवारी ते एप्रिल आणि नोव्हेंबर-डिसेंबर यांचे दिवस एका खात्यात एकत्र यायला हवेत. हिशेबाचे वर्ष आणि रजेचे वर्ष एकच ठेवण्याचा मोह आम्हा लेखापालांना नेहमी होतो, पण या ठिकाणी तो टाळलाच पाहिजे.

दुकानांसाठी महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ आहे. त्याचे रजेचे नियम तुमच्या पाच माणसांच्या लहान दुकानावर बंधनकारक नाहीत, पण धोरण म्हणून तेच घ्यावेत. त्यात ८ किरकोळ रजा आहेत. त्या तिमाहीगणिक जमा होतात आणि वर्षअखेर न वापरलेल्या संपतात. अर्जित रजा ४५ दिवसांपर्यंत साठवता येते, तर कारखान्यात पुढील वर्षी नेण्याची मर्यादा ३० दिवसांची आहे. शिवाय दुकानात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर यांखेरीज सणांच्या ४ भरपगारी सुट्ट्या वर्ष सुरू होण्यापूर्वी कामगारांशी बोलून ठरवाव्या लागतात. आमच्या भागातील एका दुकानात पोळा, दसरा, लक्ष्मीपूजन आणि १४ एप्रिल असे ठरले. दसऱ्याला अर्धे कर्मचारी दीक्षाभूमीवर जातात आणि अर्ध्यांच्या घरी शस्त्रपूजा असते, त्यामुळे त्या दिवसाबद्दल कोणाचे दुमत झाले नाही.

फिटरच्या तक्रारीचे उत्तर कायद्यातच आहे. अर्जित रजेच्या मध्ये किंवा तिच्या दोन्ही टोकांना आलेली सुट्टी रजेत मोजायची नसते. त्याचा एक दिवस परत करा.

उत्तर : सॉफ्टवेअर बसवून देणारा, अमरावती

वर सांगितलेले फ्रॅपे एचआरमध्ये कसे उतरवायचे, तेवढे मी सांगतो.

फिटरचा दिवस गेला तो लीव्ह टाइपमधील (रजेचा प्रकार ठरवण्याच्या पानावरील) एका खुणेमुळे. रजेच्या मध्ये येणाऱ्या सुट्ट्या रजाच धराव्यात, अशी ती खूण आहे. ती काढा. पण तेवढ्याने जुना अर्ज दुरुस्त होत नाही, कारण दिवसांचा आकडा अर्ज मंजूर होतानाच नोंदला जातो. तो अर्ज रद्द करून त्याच तारखांचा नवा अर्ज भरावा लागेल, म्हणजे खात्यात दोनच दिवस लागतील.

शिल्लक पुढे नेण्याची कमाल मर्यादा धोरणात नसून लीव्ह टाइपमध्ये भरायची असते. त्यामुळे ३० आणि ४५ या दोन मर्यादांसाठी "अर्जित – कारखाना" आणि "अर्जित – दुकान" असे दोन वेगळे प्रकार तयार करणे भाग आहे. हे बहुतेकांच्या फार उशिरा लक्षात येते. दुकानाच्या किरकोळ रजेला वार्षिक ८ आणि वारंवारता तिमाही ठेवा, म्हणजे दर तिमाहीला २ जमा होतील. शिल्लक पुढे नेण्याची खूण तिथे करू नका.

कारखान्याच्या अर्जित रजेला मात्र आपोआप जमा होण्याची सोय लावू नये, असा माझा आग्रह आहे. ती सोय वार्षिक आकड्याचे महिन्यांत समान भाग करते. माणूस प्रत्यक्ष किती दिवस कामावर आला, याचा हिशेब ती करत नाही. तुमच्याकडचा सव्वा दिवस म्हणजे १५ भागिले १२. त्याऐवजी जानेवारीत मागील वर्षाची हजेरी काढा, १८० किंवा त्याहून जास्त दिवस भरलेल्यांची नावे वेगळी करा, दिवसांना २० ने भागा आणि ती यादी डेटा इम्पोर्टमधून लीव्ह अलोकेशनमध्ये (रजा खात्यावर जमा करण्याच्या भागात) चढवा. वर्षातून एका दिवसाचे काम आहे. सुट्ट्यांच्या याद्याही दोन ठेवा. दुकानाचा साप्ताहिक बंद बाजाराच्या दिवसाप्रमाणे वेगळा असतो, आणि पोळा श्रावण अमावास्येचा असल्यामुळे त्याची तारीख दरवर्षी हातानेच भरावी लागते.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. एक गोष्ट राहिली. कापसाच्या भर आवकेत कोणालाही रजा मिळू नये म्हणून डिसेंबर-जानेवारीच्या तारखा बंद करून ठेवाव्यात, असे मालक म्हणत आहेत. तसे करावे का? आणि जुन्या मस्टरवरची शिल्लक कशी आणावी? काही पानांवर खाडा (बिनारजेची गैरहजेरी) आणि रजा यांना एकच लाल खूण आहे.

उत्तर : दालमिलमध्ये आस्थापना पाहणारी, वरोरा

दादा, तारखा बंद करण्याची सोय लीव्ह ब्लॉक लिस्टमध्ये आहे, परंतु ती सरसकट वापरू नका. कामगाराने रीतसर मागितलेली अर्जित रजा तुम्ही नाकारली, तर ती ३० दिवसांच्या मर्यादेबाहेरही पुढे न्यावी लागते, आणि तारखाच बंद ठेवल्या तर त्याने रजा मागितली होती याची नोंद न उरण्याची भीती असते. अर्ज येऊ द्या आणि नाकारायचा असल्यास कारण लिहून नाकारा. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही किंवा ज्यांच्या गावात नेटवर्क राहत नाही, त्यांचा अर्ज दिवाणजींनी कामगारासमोर भरून मुद्रित प्रत त्याच्या हाती द्यावी.

कवडी वेचणाऱ्या बायांपैकी कोणाला प्रसूती रजा लागली, तर मागील १२ महिन्यांत ८० दिवस काम झाले आहे का, हे मस्टरवरून स्वतः पाहा. ते यंत्रावर सोडू नका. अट पूर्ण असेल तर पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे मिळतात. ती बाई हंगामी आहे, एवढ्या कारणाने तिला परत पाठवू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

जुन्या शिल्लकीसाठी आम्ही प्रत्येकाच्या नावाचा एक कागद काढला, संशयित खुणांच्या तारखा त्यावर लिहिल्या आणि मुकादमाला जवळ बसवून एकेकाला विचारले. बऱ्याच जणांना लग्न, तेरवी, आजारपण या आठवणींवरून तारीख सांगता आली. जिथे निर्णय होईना, तिथे तो दिवस खाडा न धरता शिल्लक कामगाराच्या बाजूने ठेवली. मग कागदावर त्याची सही किंवा अंगठा घेतला आणि त्यानंतरच आकडा सॉफ्टवेअरमध्ये सुरुवातीची शिल्लक म्हणून भरला. ५२ माणसांना तुम्हाला चार-पाच दिवस लागतील. आवक सुरू होण्यापूर्वी हे उरका, कारण एकदा गाड्या काट्यावर लागल्या की मुकादम तुम्हाला सापडणार नाही.

प्रश्नकर्ता

फिटरचा जुना अर्ज रद्द करून नवा भरला. आता दोनच दिवस लागले आहेत आणि प्रत त्याच्या हाती दिली आहे. हंगामी कामगारांची आपोआप जमा होणारी रजा आज बंद केली. मस्टरचे कागद सोमवारपासून मुकादमासोबत काढायला घेतो.