‘आभासी वातावरण सक्रिय करा’ : मराठीत डॉक्युमेंटेशन लिहायलोय, मदत पाहिजे

औशाचा मास्तर:
राम राम मंडळी. औशात माझा छोटा कॉम्प्युटर क्लास आहे. आठ मशिनी, सगळ्यांवर डेबियन १२ (लिनक्स). पोरांसाठी पिपचं (पायथॉनची पॅकेजं टाकायची कमांड) मराठी डॉक्युमेंटेशन लिहायलोय. पहिल्या मसुद्यात व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट (वेन्व्ह, म्हणजे प्रोजेक्टची पॅकेजं वेगळी ठेवायची जागा) चालू करण्यासाठी ‘आभासी वातावरण सक्रिय करा’ असं लिहिलं. अकरावीतल्या एका पोरीनं ते वाचलं, खिडकीबाहेर बघितलं आणि विचारलं, “सर, पाऊस यायलाय का?”

डिपेंडन्सीला (एका पॅकेजला लागणारी दुसरी पॅकेजं) ‘अवलंबित्व’ लिहिलंय, त्याचीही तीच गत. शिवाय पिप म्हणजे काय, पायपीआय (पिप जिथून पॅकेजं आणतं ते नेटवरचं भांडार) म्हणजे काय यावर चार पानं खर्ची घातलीत. पोरं ती वाचतच नाहीत. थेट कमांड मारतात आणि ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्न्मेंट’ची एरर घेऊन माझ्याकडं येतात. सुरुवात कुठून करू?

गोदाकाठ, नांदेड:
मास्तर, चार पानं मागं ढकला. त्या एररपासूनच सुरू करा, आणि तिचं भाषांतर करू नका. पोरगं तेच शब्द शोधणार ना.

मग कारण सांगा. डेबियनची स्वतःची कामंही पायथॉनवर चालतात, ती पॅकेजं एप्ट, म्हणजे डेबियनची स्वतःची पॅकेज टाकायची कमांड, सांभाळतं. त्यात पिपनं वेगळी आवृत्ती घुसवली की सिस्टिमचा प्रोग्रॅम भलतीच उचलतो. म्हणून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून पिपवर हे कुलूप आहे. नेटवर ते तोडायला पिपच्या कमांडला ‘ब्रेक सिस्टिम पॅकेजेस’ जोडा म्हणून सांगणारे ढिगानं भेटतात. नावातच ‘ब्रेक’ आहे, तरी लोक जोडतात! आमच्याकडं एका मशिनीवर तसं केलं आणि संध्याकाळी दोन प्रोग्रॅम उघडंनात.

आणि हो, उपाय वेन्व्हच, पण डेबियनवर ‘पायथॉन३ वेन्व्ह’ एप्टनं वेगळं टाकावं लागतं. ही ओळ नसली की पुढचं सगळं वाया.

परभणीकर:
शब्द बोलीतलेच ठेवा. वेन्व्ह, डिपेंडन्सी, बस्स. समजवायचं तर तुमच्या भागातली वेळ अमावस्येचा सण आहेच की. भज्जी (सगळं एकत्र शिजवलेली भाजी) करायची म्हणलं की तुरीचे दाणे, हरभरा, बेसन, चिंच आलंच. कुणी वेगळं सांगत नाही. पिपही तसंच सोबतचं सामान आपणहून आणतं.

आठ मशिनी एका हॉटस्पॉटवर असतील तर ‘पिप डाउनलोड’वरही लिहा. एकदा उतरवून पेनड्राइव्हवर घ्यायचं, मग ‘नो इंडेक्स’ (नेटवर शोधू नको) आणि ‘फाइंड लिंक्स’ (या फोल्डरातून घे) लावून बाकीच्यांवर टाकायचं. फक्त उतरवताना तसल्याच डेबियन मशिनीवर उतरवा. मी घरच्या विंडोजवर नमपाय (आकडेमोडीचं पॅकेज) उतरवलं आणि तीस किलोमीटर जाऊन हात हलवत परत आलो.

औशाचा मास्तर:
नवीन मसुदा त्याच पोरीला दिला. एरर, कारण, वेन्व्ह, सगळं धडाधडा केलं. अडली ती वेन्व्ह चालू करायच्या ॲक्टिव्हेट फाइलीपाशी. फाइलचा नुसता पत्ता टाकला, ‘परमिशन डिनाइड’ आलं. मग पत्त्याच्या आधी सुडो (ॲडमिनच्या हक्कानं चालवायची कमांड) लावला, ‘कमांड नॉट फाउंड’! मी ‘ॲक्टिव्हेट चालवा’ एवढंच लिहिलं होतं, तिनं चालवलं. पत्त्याच्या आधी ‘सोर्स’ (फाइल चालू टर्मिनलातच वाचायची कमांड) लावायचं असतं, हे माझ्या बोटांना इतकं पाठ की कागदावर उतरलंच नाही. आज ती ओळ घालतो.