‘रेयांश’ हे नाव खरोखर दुर्मिळ आहे का, आणि त्याचा मूळ अर्थ कोणता?

दादरची आत्या यांचा प्रश्न

नमस्कार. माझ्या भावाला मुलगा झाला असून येत्या रविवारी, म्हणजे बाराव्या दिवशी, दादरला घरीच बारसे करायचे ठरले आहे. बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान माझा असल्यामुळे ही चौकशी मी करीत आहे. जन्मनक्षत्र स्वाती, चरण दुसरे, त्यामुळे आद्याक्षर ‘रे’ निघाले. वहिनीने ‘रेयांश’ हे नाव सुचविले आहे. नावांच्या संकेतस्थळांवर त्यापुढे ‘दुर्मिळ, आधुनिक, संस्कृत’ अशी विशेषणे आहेत. अर्थ मात्र कुठे ‘सूर्याचा अंश’, कुठे ‘विष्णूचा अंश’, तर कुठे ‘प्रकाशाचा किरण’ असा दिलेला आहे. एकाच शब्दाचे तीन अर्थ पाहून वडिलांनी कपाटातला मोल्सवर्थचा शब्दकोश काढला, तर त्यात ‘रेय’ असा शब्दच मिळाला नाही. शिवाय भावाच्या माहीमच्या इमारतीत खाली भरणाऱ्या बालवाडीत आधीच दोन रेयांश आहेत, त्यामुळे ‘दुर्मिळ’ या शब्दावरही माझा विश्वास उरलेला नाही. हे नाव कुठल्या जुन्या ग्रंथात आहे का, आणि ते किती प्रचलित आहे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पार्ल्याचे गुरुजी यांचे उत्तर

आपल्या वडिलांनी मोल्सवर्थ उघडला हे वाचून फार बरे वाटले, पण तो कोश मराठीचा आहे. या शब्दासाठी संस्कृत कोशच पाहावा लागेल. तिथेही सूर्य किंवा विष्णू या अर्थाचा ‘रेय’ हा शब्द नाही. अमरकोशात सूर्याची नावे भरपूर आहेत, दिवाकर, भास्कर, प्रभाकर, विवस्वान् ही त्यांतलीच. ‘रेय’ त्यांत येत नाही. विष्णुसहस्रनामात ‘अप्रमेय’ आणि ‘अमेयात्मा’ ही नावे आहेत, आणि ‘अमेय’ हे नाव आपल्याकडे पूर्वीपासून ठेवले जाते, पण ते ‘मा’ म्हणजे मोजणे या धातूपासून आले आहे. त्याचा ‘रेय’शी संबंध जोडता येत नाही.

आता कोणी म्हणेल की ‘रै’ म्हणजे धन हा शब्द वेदांत आहे, तेव्हा ‘रै’ आणि ‘अंश’ मिळून ‘रेयांश’, म्हणजे धनाचा वाटा, झाला असेल. तसे होत नाही. ऐकारापुढे स्वर आला की त्याचा ‘आय्’ होतो, म्हणून संधी ‘रायंश’ असा होईल. ‘रयि’ हाही धनवाचक वैदिक शब्द आहे, पण त्यापासून ‘रय्यंश’ होईल, आणि ते नाव हाक मारायला कोणाच्याही जिभेवर बसणार नाही. ‘रय’ म्हणजे वेग, प्रवाह. त्यापासून ‘रयांश’ मात्र व्याकरणशुद्ध सिद्ध होते. दुर्दैवाने ते कोणी ठेवीत नाही.

राहिला ‘किरण’. हा अर्थ कुठून आला असावा याविषयी माझा तर्क असा की, तो ‘अंश’ आणि ‘अंशु’ यांच्या घोटाळ्यातून निघाला. अंश म्हणजे भाग, वाटा. अंशु म्हणजे किरण. हिमांशु, सुधांशु, शीतांशु ही चंद्राची नावे ‘अंशु’ची आहेत आणि त्यांत किरण आहे. शेवटचा उकार गळला की किरणही गेला, उरला तो नुसता वाटा. (इंग्रजी ‘रे’ म्हणजे किरण आणि पुढे आपला ‘अंश’, असा जोडही कोणाच्या मनात आला असेल, पण मग त्या नावाला संस्कृत म्हणण्याचे धाडस करू नये.) केवळ ‘अंश’ या शब्दाला मात्र उत्तम कुळ आहे. ऋग्वेदात आदित्यांच्या नावांमध्ये अंश हे एक नाव आहे, आणि गीतेच्या पंधराव्या अध्यायात ‘ममैवांशो जीवलोके जीवभूतः सनातनः’ असे भगवंतांनी म्हटले आहे. शिवांश, देवांश, वेदांश यांचे अर्थ त्यामुळे सरळ लागतात. रेयांशमध्ये अंश कळतो, पण तो कोणाचा हे कळत नाही.

थोडे विषयांतर करतो. पतंजलीने महाभाष्य या व्याकरणग्रंथाच्या आरंभीच मुलाचे नाव कसे असावे याचा नियम उद्धृत केला आहे: आरंभी घोषवर्ण (उच्चारात नाद असलेला वर्ण) असावा, मध्ये अंतःस्थ वर्ण (य, र, ल, व) असावा, पहिल्या अक्षरात वृद्धी (आ, ऐ, औ) नसावी, आणि नाव दोन किंवा चार अक्षरांचे असावे. ‘रेयांश’चा रेफ घोष आहे, यकार अंतःस्थ आहे, एकारात वृद्धी नाही, सगळे जमले आणि अक्षरे नेमकी तीन भरली. अर्थात गणेश, महेश, सुरेश हेही तीनच अक्षरांचे असल्यामुळे हा नियम आपल्या समाजाने केव्हाच गुंडाळून ठेवला आहे, हे मी मान्य करतो.

आपल्याला ‘रे’ हेच अक्षर हवे असेल आणि सूर्याशी नाते हवे असेल, तर पुराणात ‘रेवंत’ हे नाव तयार आहे. सूर्य आणि संज्ञा यांनी अश्वरूप घेतले असताना झालेला हा पुत्र, आणि जुन्या शिल्पांत तो घोड्यावर बसलेला दिसतो. तेलंगणाचे मुख्यमंत्री रेवंत रेड्डी डिसेंबर 2023 मध्ये निवडून आल्यापासून हे नाव महाराष्ट्रातही कानांवर पडू लागले आहे.

मुलुंडचा बाबा यांचे उत्तर

माझ्या मुलाचे नाव रेयांश आहे. तो आता सहा वर्षांचा आहे, म्हणून थोडे अनुभवाचे लिहितो. आम्ही नाव ठेवले तेव्हा आमच्या ओळखीत दुसरा रेयांश नव्हता. आज त्याच्या वर्गात तो धरून तिघे आहेत आणि बाई त्यांना आडनावाच्या आद्याक्षरासह हाका मारतात. ज्या यादीत ‘दुर्मिळ’ असे छापलेले असते, ती यादी आपल्याप्रमाणे आणखी हजारो आईबापांनी त्याच महिन्यात उघडलेली असते, ही गोष्ट तेव्हा आमच्या लक्षात आली नाही. नेमका आकडा मात्र कोणी सांगितला तरी मानू नये. अमेरिकेत सामाजिक सुरक्षा विभाग 1880 पासूनच्या बाळांची नावे प्रसिद्ध करतो आणि एका वर्षात निदान 5 बाळांना दिलेले प्रत्येक नाव त्या यादीत येते. आपल्याकडे तशी सरकारी यादी निघत नाही, त्यामुळे संकेतस्थळांवरचे क्रमांक हे त्यांच्याच वाचकांच्या टिचक्यांवरून लावलेले असतात.

गुरुजींच्या विवेचनाबद्दल आदर बाळगूनही एक सांगावेसे वाटते. कोशातला अर्थ पाहून नाव ठेवायचे तर अर्धी मुंबई बिननावाची राहील. ‘आरव’चा अर्थ सगळीकडे ‘शांत’ असा सांगतात, आणि संस्कृतात आरव म्हणजे आवाज, ओरडणे. तरी ते नाव धरलेच, आणि माझ्या शेजारचा आरव पाहता संस्कृतच खरे ठरले आहे. आमच्या आजीला मात्र शेवटपर्यंत ‘रेयांश’ म्हणता आले नाही. ती त्याला ‘काय रे’ एवढीच हाक मारीत असे, आणि त्यात नावाचा पहिला तुकडा येतो म्हणून तो धावत जात असे.

वाळकेश्वर यांचे उत्तर

आम्ही जैन आहोत, आणि आमच्या घरात हे नाव ऐकताच सर्वांना प्रथम ‘श्रेयांस’ आठवते, याचा उल्लेख वर कोणी केला नाही म्हणून लिहितो. अकरावे तीर्थंकर श्रेयांसनाथ. याच नावाचा हस्तिनापूरचा राजकुमार श्रेयांस याने भगवान ऋषभदेवांना उसाचा रस देऊन त्यांचे दीर्घ उपवासाचे पारणे घडविले, अशी कथा आहे. अक्षय्य तृतीयेला वर्षीतप, म्हणजे वर्षभराचे उपवासाचे व्रत, करणारे आजही उसाच्या रसाने पारणे करतात ते त्यामुळेच. मूळ शब्द ‘श्रेयस्’, म्हणजे कल्याण, अधिक चांगले. त्याचे ‘श्रेयांश’ असे रूप गुजराती आणि मराठी घरांत पुष्कळ वर्षांपासून रूढ आहे. माझे मत असे आहे की ‘रेयांश’ला साचा इथूनच मिळाला असावा: आधीचा ‘श’ सोडून दिला की उच्चार हलका होतो आणि नाव नवे वाटते. दोन नावे शेजारीशेजारी म्हणून पाहिलीत तर माझे म्हणणे पटेल.

असे नेहमी घडते. ‘कियान’ही आज नवे म्हणून ठेवतात, पण शाहनामा या फारसी महाकाव्यातील कयानी राजांच्या ‘कै’ या उपाधीशी त्याचे नाते आहे, आणि तीच उपाधी आपल्या मुंबईतल्या पारशी कैखुश्रू आणि कैकोबाद यांच्या नावांत आहे. ग्रँट रोडच्या जुन्या पाट्यांवर ती सहज वाचायला मिळत असे.

नोंदणीतला माणूस यांचे उत्तर

मी अर्थाविषयी बोलत नाही, एवढेच सांगतो की रविवारची घाई नको. जन्माची नोंद 21 दिवसांत व्हावी लागते, परंतु ती नावाशिवायही होते. बाळाचे नाव 12 महिन्यांपर्यंत विनाशुल्क आणि त्यानंतर विलंबशुल्क भरून 15 वर्षांपर्यंत घालता येते. एकदा नाव चढले की ते बदलण्यासाठी राजपत्राची वाट धरावी लागते आणि पुढे प्रत्येक कागद तपासत बसावे लागते. 1 ऑक्टोबर 2023 रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून पारपत्रापर्यंत जन्मदाखला हाच मुख्य पुरावा असल्यामुळे इंग्रजी स्पेलिंग घरात सर्वांनी एकदा कागदावर लिहून ठरवावे. ‘रेयांश’ इंग्रजीत ‘वाय’ने लिहितात, ‘आय’नेही लिहितात, आणि शेवटी ‘एच’ विसरला की शाळेत त्याचा ‘रेयान्स’ होतो.

दादरची आत्या यांचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. गुरुजींचे उत्तर वडिलांना मोठ्याने वाचून दाखविले. त्यांनी ‘रयांश’ची शिफारस लगेच केली आणि वहिनीने तितक्याच लगेच ती फेटाळली. श्रेयांसची कथा मात्र तिला फार आवडली, पण अक्षर ‘श्र’ येत असल्यामुळे ज्योतिषीकाका काय म्हणतील या विचाराने ती थांबली. आता असे ठरले आहे की पाळण्यात मी ‘रेवंत’ सांगायचे, आणि दाखल्यावरचे नाव मुलाचे वडील व आई वर्षभरात ठरवतील. भावाने विचारलेली एक शंका तेवढी राहिली आहे: ‘रेवंत’ला घरी लाडाने काय म्हणावे? ‘रेवा’ म्हटले तर नर्मदा होते.

पार्ल्याचे गुरुजी यांचे उत्तर

‘रेवू’ म्हणावे. आमच्या चाळीत रेवतीला तसेच म्हणत असत, आणि तिची कधी तक्रार नव्हती.