शब्दचर्चा : ‘रिफ्लेक्स साइट’ला मराठीत काय म्हणायचं?

मांडवीकाठ
पणजीतल्या एका दैनिकासाठी अधूनमधून भाषांतरं करतो. सध्या हातात पिस्तुलांवरचा लेख आहे. आधीच्या कुणीतरी केलेल्या मसुद्यात ‘प्रतिक्षिप्त दृष्टी असलेले छोटे स्वयंचलित पिस्तूल’ असं लिहिलंय. मूळ शब्द कॉम्पॅक्ट, सेमी-ऑटोमॅटिक आणि रिफ्लेक्स साइट (नेम धरण्यासाठी पिस्तुलावर बसवायचं काचेचं साधन). हे कसं निस्तरू?

नेमबाज_फोंडा
आधी ‘स्वयंचलित’ खोडा. चाप दाबून धरला की गोळ्या सुटतच राहतात, ते स्वयंचलित. इथे एकदा चाप ओढला की एकच गोळी. झटक्याने स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते आणि परत येताना मॅगझिनमधलं पुढचं काडतूस नळीत सारते. पुढच्या गोळीसाठी चाप सोडून पुन्हा ओढायचा. आपोआप होतं ते फक्त भरणं. म्हणून मी ‘स्वयंभरणी’ म्हणेन.

सत्तरीकार
शब्द झकास, पण वाचणाऱ्याला कळायला हवा ना! ‘अर्धस्वयंचलित’ निदान ओळखीचा आहे. आणि घोळ मुळात इंग्रजीतलाच. .४५ एसीपी या काडतुसातला ‘ए’ ऑटोमॅटिकचा, पण ते ज्या एम १९११ पिस्तुलात जातं ते सेमी-ऑटोमॅटिक. आमच्याकडे काजूच्या बागेत रानडुकरांसाठी बंदूक ठेवणाऱ्यांना हा प्रश्नच पडत नाही. एक बार, मग पुन्हा भरा.

मांडवीकाठ
बरं, ‘अर्धस्वयंचलित’ घेतो, पहिल्यांदा येईल तिथे एका ओळीत खुलासा करतो. ‘कॉम्पॅक्ट’साठी ‘छोटे’ चालेल?

नेमबाज_फोंडा
नको. त्याहून छोटी ‘सबकॉम्पॅक्ट’ असतात, त्यांना मग काय म्हणाल? ग्लॉक १७ पूर्ण मापाचं, नळी ११४ मिमी. ग्लॉक १९ कॉम्पॅक्ट, नळी १०२ मिमी, मॅगझिनमध्ये १५ गोळ्या. फरक बोटभरही नाही. मुठीत नीट बसतं आणि कपड्याखाली लपतंही, असं मधलं माप. (दोन्ही ९ मिमी व्यासाच्या गोळीची, म्हणजे आपल्याकडे सामान्य परवान्यावर मिळणारी नव्हेत. लेखात हे जरूर घाला.)

शब्दवेडी
‘आटोपशीर’! इतका नेमका शब्द असताना शोधाशोध कशाला?

आता ‘रिफ्लेक्स’. गुडघ्यावर हातोडी मारल्यावर पाय उडतो ती प्रतिक्षिप्त क्रिया, तिचा इथे काही संबंध नाही. एसएलआर कॅमेऱ्यातला ‘आर’ही रिफ्लेक्सचाच, आणि तिथे आरसा असतो. इथेही परावर्तनच. बारीक एलईडीचा लाल प्रकाश वक्र काचेवर पडतो. काचेवरचा लेप तेवढाच लाल रंग डोळ्याकडे परतवतो, बाकीचं दृश्य आरपार दिसतं. वक्रतेमुळे किरण समांतर होतात, म्हणून ठिपका काचेवर नव्हे, दूर लक्ष्याच्या अंतरावर तरंगल्यासारखा वाटतो. ही कल्पना डब्लिनच्या हॉवर्ड ग्रब यांची, १९०० सालची. एलईडी अर्थातच नंतर आला.

सत्तरीकार
म्हणजे सिनेमात छातीवर फिरतो तो लाल ठिपका?

शब्दवेडी
तो लेझर. तो समोरच्यालाही दिसतो. हा फक्त नेम धरणाऱ्याला दिसतो, लक्ष्यावर काहीच पडत नाही. बातम्यांत दोन्हींची सरमिसळ होते, म्हणून ‘लाल ठिपका’ एवढंच लिहू नका. ‘परावर्ती नेमदर्शक’ लिहा.

नेमबाज_फोंडा
मान्य. फायदा असा की साध्या पिस्तुलात मागची खाच, पुढची माशी आणि लक्ष्य अशी तीन ठिकाणं डोळ्याने जुळवावी लागतात. चाळिशीनंतर माशी धूसर दिसते, विचारा मला! इथे ठिपका लक्ष्यावर ठेवला की झालं, दोन्ही डोळे उघडे. मात्र आमच्या आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) पिस्तूल स्पर्धांत हे चालत नाही, तिथे माशी-खाचच.

मांडवीकाठ
लेखात ‘३ एमओए ठिपका’ असंही आहे.

नेमबाज_फोंडा
तो कोन आहे. एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग. ३ एमओए ठिपका २५ मीटरवर साधारण २२ मिमी जागा झाकतो. ‘३ मिनिटांचा ठिपका’ लिहू नका, वाचक घड्याळ बघेल. ‘एमओए’ तसंच ठेवून मिलिमीटर द्या.