फ्रंट व्हील की ऑल व्हील? दोनशे मीटरच्या चढापायी अडलंय, मदत हवी आहे

मंडळी, घरात माणसं पाच: आम्ही दोघं, दोन मुलं आणि आई. एसयूव्ही घ्यायची हे पक्कं, मॉडेलही ठरलंय. ती फ्रंट व्हील ड्राइव्ह (फक्त पुढची चाकं ओढणारी) घ्यावी की ऑल व्हील (चारही चाकांना ताकद देणारी), इथे घोडं अडलंय.

आमचं बहुतेक फिरणं डांबरी रस्त्यावर. पण सासऱ्यांच्या शेतघराचा शेवटचा चढ कच्चा, चिकणमातीचा. गेल्या पावसाळ्यात आत्ताची छोटी फ्रंट व्हील गाडी तिथे अर्ध्यावर अडकली. पुढची चाकं जागच्या जागी गरगरली, चिखल खिडकीपर्यंत उडाला, क्लचचा जळका वास सुटला. शेवटी मागची तिघं उतरली आणि गाडी मुकाट्यानं वर चढली! आई अजून म्हणते, "माझ्याच वजनानं अडली होती."

ऑल व्हील आहे ती गरजेपुरती. एरवी पुढचीच चाकं ओढतात, ती घसरली की मागच्यांना ताकद जाते. लो रेंज, म्हणजे अवघड चढासाठी हळू पण जादा जोर देणारे गिअर, नाही. विकणारा म्हणतो, पावसात हीच सुरक्षित. खरंय का? वर्षातल्या चार फेऱ्यांसाठी रोज ते जादा वजन ओढत इंधन जाळायचं जिवावर येतंय.

प्रतिसाद: आईंचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका. चढावर भार मागे सरकतो, त्यात मागच्या सीटवर तिघं, म्हणजे ओढणारी पुढची चाकं हलकी पडणारच. असा चढ फ्रंट व्हील गाडी कधीकधी रिव्हर्समध्ये चढून जाते, कारण ओढणारी चाकं खालच्या बाजूला येतात आणि भार त्यांच्यावर पडतो. (दोनशे मीटर मान वळवून जायची हौस असेल तर!)

विकणाऱ्याचं अर्धंच खरं. गाडी हलवायला ऑल व्हीलची मदत होते, थांबवायला नाही. ब्रेक काय, दोन्ही गाड्यांत चारही चाकांना असतात. ओल्यात सगळी मदार टायरवर. आधी टायर बघा. आणि ऑल व्हील घेतलीतच, तर चारही टायर सारखेच झिजलेले हवेत. एक फाटला म्हणून एकटाच नवा टाकला की चाकांचा घेर वेगळा होतो आणि मागे ताकद नेणारं कपलिंग विनाकारण राबत, तापत राहतं.

धागाकर्ता: आत्ताच खाली जाऊन बघितलं. पुढच्या दोन्ही टायरची नक्षी खाचेतल्या १.६ मिमीच्या झीज-खुणेला टेकलीय. आईला अजून सांगितलेलं नाही. आधी नवे टायर टाकतो, एका पावसात पाचही जण बसून तोच चढ चढून बघतो, बुकिंग त्यानंतर.

एक राहिलंच: ऑल व्हीलमध्ये मागच्या मधल्या सीटच्या पायाशी उंचवटा जास्त असतो का? तिथे धाकटा बसतो, आणि घरात सगळ्यात जास्त कुरकुर त्याचीच.